तोंडावरचा हात

"तिनं तुझं तोंड दाबलं का नाही, एवढंच सांग. बाकी मी बघतो," हिराजी मास्तर म्हणाले.

मी पडवीत बाजेवर आडवी होते आणि मला मास्तरांची दोन तोंडं दिसत होती. त्यातलं बोलतंय कुठलं ते कळेना, म्हणून मी मधल्या मोकळ्या जागेकडे बघून म्हटलं, "मना आठवत नाय."

"आठवत नाय म्हणजे? अख्ख्या मैदानानं बघितलं!"

"मग मैदानाला विचारा जा," कुसुमआत्या आतून ओरडली. "पोरीला उजेड सोसत नाय, आन तुम्ही तिला साक्षीला बसवताव."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते बँडमास्तर. लग्नसराईत क्लॅरोनेट वाजवायचे आणि लग्नं संपली की आम्हा पोरींना कबड्डी शिकवायचे. दोन्ही कामं एकच, असं त्यांचं म्हणणं. दोन्हीकडे जिंकतो तो दम. एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि श्वास तुटायच्या आत परत यायचं. "शुद्ध गेली तरी चालेल, दम जाता नये," हे त्यांचं वाक्य आमच्या खारकोंडच्या पोरींना पाढ्यांसारखं पाठ होतं.

मास्तरांनी बाजेजवळ स्टूल ओढलं. स्टुलाचा आवाज माझ्या डोक्यात आरपार गेला.

"ऐक द्वारके. रविवारी तालुक्याला बैठक हाय. नवेखारच्या त्या गुलाब घरतवर कायमची बंदी घालायची म्हणतात. कायमची! खेळाडूचं तोंड दाबायचं म्हणजे जीव घ्यायचंच काम. आन ती बाहेर गेली की राज्याच्या शिबिराची जागा कुणाला? जिल्ह्यातून एकच जाणार. तिच्या खालचं नाव कुणाचं?"

नाव माझं होतं. ते मला धक्का लागायच्या आधीही माहीत होतं आणि नंतरही माहीत होतं. मधला काळ तेवढा कुणीतरी कात्रीनं कापून नेला होता.

"पण तुझ्या तोंडून यायला पाहिजे," मास्तर म्हणाले. "ज्याचं तोंड दाबलं त्यानंच बोलायला पाहिजे ना."

त्या दिवसांविषयी सांगायचं तर सगळंच पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. दुखत फारसं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, बोट नाचवून बघितलं, आणि "मेंदूला हादरा बसलाय, निजवून ठेवा, उन्हात नेऊ नका," असं सांगितलं. आत्यानं पडवीला गोधड्यांचे पडदे लावले. गोधडीच्या विटक्या लाल-निळ्या चौकटींतून ऊन गाळून यायचं आणि बाजेवर, माझ्या हातांवर, रंगीत होऊन पडायचं. मी ते रंग चिमटीत धरायला बघायची. शब्द यायचे, पण उशिरा. पाणी मागायला तोंड उघडावं तोवर आत्यानं ते आणून दिलेलं असायचं. चहात मी मीठ घातलं आणि पिऊन टाकला. आत्यानं विचारलं, "कसा जालाय?" मी म्हटलं, "छान." तिनं घोट घेऊन बघितला आणि पदरात तोंड खुपसून हसली. मग तशीच रडली.

आणि डोळे मिटले की आई यायची.

आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मिठागरात कामाला होती ती. उन्हाळ्यात खाडीचं पाणी वाफ्यांत घेऊन आटवायचं आणि मीठ धरलं की लांब फावड्यानं ओढून त्याच्या राशी करायच्या. मी लहानपणी बांधावरून दम घोकत जायची. या राशीपासून त्या राशीपर्यंत, 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी'. खाली बघायचं नाही, थांबायचं नाही. आई वाकून मीठ ओढत असायची, पण कान माझ्याकडे. माझा आवाज फाटायला लागला, घशात घरघर आली, की ती मान वर न करताच म्हणायची, "बस गो बाय, बस. दम सोड." मी दम सोडायची आणि बांधावर बदकन बसायची. तेव्हा सगळं पांढरं दिसायचं, राशी, पाणी, आकाश. त्या पांढऱ्यात आईचं हिरवं लुगडं तेवढं हलायचं.

ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. मी सामन्याला गेले होते. कुणी मला बोललं नाही त्यावरून, मीही कधी नाही.

तर आता डोळे मिटले की ते पांढरं यायचं. मी कुठंतरी उताणी पडलेली. अंगावर पुष्कळ वजन, ओल्या मिठाच्या गोणी टाकल्यासारखं. हाताला काही लागत नाही, पायाला काही लागत नाही, आणि दूर कुठंतरी कुणीतरी 'कबड्डी, कबड्डी' म्हणतंय. एवढ्या लांबून कोण म्हणतंय म्हणून मी ऐकायची, तर तो माझाच आवाज. मग कानाशी, अगदी कानाच्या पाळीला ऊब लागेल इतक्या जवळून, "बस गो, बस. दम सोड." आणि तोंडावर तळहात. गरम, खरखरीत, खारट.

मी तो हात ओळखत होते. मिठागरात काम करणाऱ्या बाईचा हात खारटच असतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना तर नाहीच. त्यांना तोंडावरचा हात पाहिजे होता खरा, पण तो मेलेल्या बाईचा निघाला असता तर त्यांची पंचाईत झाली असती. आणि मला तो हात कुणाला द्यायचा नव्हता. आई शेवटी भेटली नव्हती, ती अशी भेटून गेली होती. दुपारी गोधड्यांच्या रंगात मी मुद्दाम डोळे मिटून घ्यायची आणि त्या गोणींखाली जाऊन पडायची, तेवढ्या एका वाक्यासाठी.

"आत्या, काय जालं व्हतं मैदानात? नीट सांग ना," मी एकदा विचारलं.

ती वाल सोलत बसली होती. हे तिला सांगायला फार आवडायचं. आल्यागेल्याला ती रोजच सांगत होती.

"काय व्हनार? गुन बरोबरीत. शेवटची चढाई, आन मास्तरांनी तुना धाडली. तू गेलीस ती अशी गेलीस, वारा गेल्यावानी. त्यांच्या एकीला शिवलीस न शिवलीस, तवर ती गुलाब मधून आयली. खांदा घालून आयली बघ, बैलावानी. तू उडालीस. टालकं असं आपटलं गो जमिनीवर, नारल फुटल्यावानी. मैदानातली ढेकलं फोडायला मानूस नव्हता त्यांना, ती तशीच. भोंगे मात्र चारी कोपऱ्यांवर."

"मग?"

"मग काय! आमी म्हटलं, संपली. तर नाय! तुजा दम चालू!" आत्याचे डोळे चमकले. "पडलीस तशी उतानी, हालत नाय, डुलत नाय, आन तोंडानं कबड्डी कबड्डी कबड्डी. त्या सगल्या बायका तुज्यावर पडल्या, एक, दोन, तीन. दम तुटल्याशिवाय सोडतील कशा? आमच्या बाजूचे सगले उभे राह्यले. मास्तर नाचत व्हते. मी वरडले, द्वारके, सोडू नको! दम सोडू नको गो! गला बसला माजा. आन मग त्या रांडेनं तुजं तोंड दाबलं. पंचांनी शिट्टी मारली, फाऊल दिला, गुन आपला. सामना आपला!" तिनं वालाची मूठ भांड्यात टाकली. "सगला गाव बोलतंय, शुद्ध गेली पन पोरीनं दम नाय तोडला."

मलाही तेव्हा ते ऐकून बरंच वाटलं. माझ्याच बाबतीत कुणी लांबची गोष्ट सांगावी तसं.

रविवारी मला भाताच्या टेम्पोतून तालुक्याला नेली. डोक्यावर आत्याची ओली ओढणी, डोळ्यांवर मास्तरांचा बँडच्या गणवेशातला काळा चष्मा. आरशात बघून मी हसले. मास्तर रस्ताभर मला पढवत होते.

"फार बोलायचं नाय. विचारलं तर 'दाबलं' म्हणायचं. बस. पुढचं शिबिर पावसाआधी; तवर तू टणटणीत. मी रेल्वेत, बँकेत, कुठं कुठं पोरी लागलेल्या बघितल्यात शिबिरातनं."

"आन गुलाब?"

"तिचं काय?"

"तीपन लागली असती ना कुटंतरी."

मास्तर रस्त्याकडे बघत राहिले. "जिनं धक्का दिला तिचा विचार तू नको करू," ते म्हणाले. "धक्का देणारा लगेच विसरतो. खाणारा विसरत नाय."

"मी तर विसरलेय," मी म्हटलं. आत्या खुदकन हसली.

बैठक भाताच्या गिरणीच्या माडीवर होती. असोसिएशनचे अध्यक्ष नाना टिल्लू, गिरणी त्यांची, म्हणून असोसिएशनही त्यांच्या माडीवर. खाली गिरणी धडधडत होती आणि वर जमीन, बाकडी, पाण्याचा तांब्या, सगळं बारीक थरथरत होतं. खिडकीतून कोंड्याची धूळ वर येत होती, उन्हात सोन्यासारखी. एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. माझ्या डोक्याला ते सोसत नव्हतं; पण त्या थरथरीत मला पुन्हा झोपेसारखं वाटायला लागलं, आणि ते मला हवंही होतं.

नानांच्या शेजारी धर्माजी बसले होते. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, आणि धर्माजींना ते गावच्या सरपंचपदाइतकंच चढलं होतं. गळ्यात शिट्टी त्या दिवशीही होती.

गुलाब समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. मी तिला नीट अशी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. मैदानात समोरच्या बाईचं तोंड कोण बघतं, पाय बघायचे असतात. उंच, रुंद खांद्यांची, काळीसावळी. हाताची नखं बघत उभी. तिच्यापुढे तिची आई, ठेंगणी, दात पडलेली, मासळीवाली. तिला टोपली जिन्याखाली ठेवायला लावली होती, तरी वास वर आलाच होता.

"गुलाब," नाना गिरणीच्या वर आवाज काढून म्हणाले, "तुला काही सांगायचंय?"

गुलाबनं मान हलवली. नाही.

"अवो, ती काय सांगनार, मी सांगते!" तिची आई पुढे आली. "माजी पोर कुनाचं तोंड दाबंल? घरात माजंच तोंड दाबता येत नाय तिला!"

सगळे हसले. धर्माजीसुद्धा. गुलाब हसली नाही.

"विनोद नको, बाई," नाना म्हणाले. "हात तोंडावर होता का नव्हता? गुलाब?"

तिनं मान हलवली. होता.

"झालं मग. मिटलं." नानांनी दोन्ही तळहात बाकड्यावर ठेवले. "खेळात धक्के बसतात, मान्य. पण तोंड दाबायचं, श्वास बंद करायचा, हे आपल्याकडे चालणार नाही. नवेखारच्या मंडळाचं काय म्हणणं?"

नवेखारचे दोघे कोपऱ्यात बसले होते. त्यांनी आपल्याच पोरीकडे असं बघितलं की कायमची बंदी त्यांना कमीच वाटत असावी. "आमचं काय म्हनणं असनार," एक म्हणाला. "हातातला सामना घालवला तिनं."

तेव्हा तिची आई खालीच बसली. नानांचे पाय बाकड्याखाली होते, तिथवर हात पोचेना, म्हणून तिनं बाकड्याचाच पाय धरला. "टाकू नका वो तिला. तिला येतं काय दुसरं? शिबिराला जानार म्हनून मी मासली विकून नवीन बूट घेतलेत वो तिला..." गिरणीच्या आवाजात तिचं अर्धं ऐकूही येत नव्हतं, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. नाना "उठा, उठा" म्हणत होते. मास्तर माझ्या कानाशी म्हणत होते, "बघू नको तिकडं."

आणि वीज गेली.

गिरणी एकदम थांबली. तांब्याची थरथर थांबली. कोंड्याची धूळ हवेत होती तिथंच राहिली, खाली येईना. इतकं शांत झालं की बाईचा रडका श्वास सगळ्या माडीला ऐकू यायला लागला.

गुलाब वाकली. आईच्या तोंडावरचे केस तिनं तळहातानं मागे सारले आणि अगदी हळू, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखं म्हणाली, "बस गो, बस. सोड आता."

मी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला. कशाला काढला, कुणास ठाऊक. ऐकण्याशी चष्म्याचा काय संबंध.

तोच आवाज. 'बस' तसंच खाली ओढून, 'गो' तसाच मऊ टाकून. मी डोळे मिटले, पांढरं आलं, गोणी आल्या, आणि कानाशी तो श्वास आला. आणि त्या श्वासामागे हिरवं लुगडं नव्हतं. मी खूप शोधलं. राशींमागे बघितलं, बांधावर बघितलं. एक उंच, काळीसावळी बाई माझ्यावर वाकलेली होती, घामानं निथळत, आणि घामानंच तिचा हात खारट होता.

"द्वारका," नाना आता साध्या आवाजात म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकतो आणि संपवू. हिनं तुझं तोंड दाबलं?"

मला गप्प राहता आलं असतं. आठवत नाही म्हणता आलं असतं. आई माझ्याकडे राहिली असती, आणि शिबिरही.

"दाबलं," मी म्हटलं.

मास्तरांनी सुस्कारा सोडला.

"कशाला दाबलं ते विचारा ना."

"कशाला म्हणजे? दम तोडायला!" मास्तरच म्हणाले.

"व्हय. दम तोडायलाच." मग मी शक्य तेवढं शाळेतलं मराठी काढलं. "पण नाना, मी तर उताणी पडले होते. वर तिघी होत्या. माझा दम आपोआपच तुटला असता, गुण त्यांचा, सामना त्यांचा. ही जिल्ह्यात पहिली आलेली. तोंडाला हात लावला की फाऊल, गुण विरुद्ध बाजूला, हे हिला माहीत नव्हतं?"



मी धर्माजींकडे वळले. "सरपंच, माझं डोकं आपटलं तेव्हा तुम्ही शिट्टी का नाही मारलीत?"

"आता काय बोलायचं," धर्माजी म्हणाले. "तुझा दम चालू होता पोरी. दम चालू तवर चढाई चालू. नियम हाय."

"त्या तिघी वर पडल्या तेव्हा?"

"दम चालू होता ना."

"मग वाजवलीत कधी?"

धर्माजींनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. तिच्याकडे बघितलं. "हिनं हात तोंडावर ठेवला तेव्हा," ते म्हणाले. पुन्हा शिट्टीकडेच बघत राहिले. "लगेच वाजवली. लांबून दिसेल असाच ठेवला होता तिनं हात."

वीज अजून आली नव्हती. रस्त्यावरून एक सायकल गेली तिची साखळी ऐकू आली.

"ती मला दम सोड म्हणत होती," मी म्हटलं. "मी सोडेना."

शेजारी आत्यानं माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. "मी वरडत व्हते," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "सोडू नको म्हनून." मास्तर म्हणजे एरवी क्लॅरोनेटसारखा सतत वर-खाली असणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी घातली, आणि पुन्हा खिशात ठेवला.

नाना शेवटी म्हणाले ते असं, की बंदी वगैरे काही नाही, सामना ज्यांनी जिंकला त्यांनी जिंकला, आणि धर्माजी, तुम्ही थोडे मागे थांबा. वीज आली. गिरणी धडधडली आणि सगळे एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागले, जणू मघाशी कुणी काही बोललंच नव्हतं.

खाली कोंड्याचा मोठा ढीग होता. त्याच्या सावलीला मी बसले. आत्या पाणी आणायला गेली होती आणि मास्तर टेम्पोवाल्याशी उगाच भांडत होते. गुलाब आली. टोपली आईच्या डोक्यावर ठेवून देऊन आली असावी, हात ओल्या मासळीचे. जरा अंतर ठेवून उभी राहिली.

"धक्का माजाच हाय," ती म्हणाली. "तेवडं तुना सांगायला आयले. तू वर काय बी बोललीस, पन खांदा मीच घातला. जोरात घातला. सामना जिकायचा व्हता मना."

"माहीत हाय. बैलावानी घातलास म्हनतात."

ती जराशी हसली. मग म्हणाली, "तू पडलीस तवा मी तुजं तोंड बघितलं. डोले सताड उगडे. आन तू नव्हतीस त्यात. नुसता दम चालला व्हता, गिरनीवानी. ह्या बायका उठंनात, मी वरडले, तर भोंगे वाजताव, कोन ऐकतंय!" तिनं हात लुगड्याला पुसले. "माज्या बापाला असा बघितलाय मी. ताडावरून पडला व्हता."

"मग वर का नाय सांगितलंस?"

"काय सांगू? हात तर ठेवलाच व्हता." तिनं खांदे उडवले, ते रुंद खांदे. "आन धक्का मारनारनीनं म्हनायचं, मी तिला वाचवत व्हते? कुनी ऐकलं असतं? मीच नसतं ऐकलं."

कोंडा वाऱ्यानं आमच्या केसांवर बसत होता. तिच्या भुवया सोनेरी झाल्या होत्या. माझ्याही झाल्या असतील. ती शिबिराला गेली, पुढे बऱ्याच ठिकाणी गेली. मी पुन्हा चढाईला उतरले नाही, माझ्या डोळ्यांपुढचे दोन-दोन मास्तर एकत्र यायलाच पावसाळा उलटला. मास्तर त्यानंतर नव्या पोरींना दम धरायला शिकवायच्या आधी सोडायला शिकवू लागले. 'शुद्ध गेली तरी' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही. पण हे सगळं पुढचं. तेव्हा टेम्पो आमच्याकडे वळत होता आणि गुलाब निघाली होती.

"गुलाब," मी म्हटलं. "जरा बस ना इथं."

ती बसली.

"ते एकदा म्हन ना परत."

"काय?"

"मैदानात म्हनालीस ते. कानात."

तिनं माझ्याकडे बघितलं, डॉक्टर बॅटरी मारताना बघत होता तसं. "अजून बरी नाय जालीस तू," ती म्हणाली.

"नाय जाले. म्हन."

"येडी काय तू? लोक बघताव."

"मी डोले मिटते. मग कुनी नाय बघनार."

मी डोळे मिटले. बराच वेळ नुसती गिरणी ऐकू येत होती, आणि आत्याच्या कळशीचा आवाज. मग मासळीचा वास जवळ आला, कानाच्या पाळीला ऊब लागली.

"बस गो बाय, बस," ती म्हणाली. "दम सोड."

मी सोडला.